विधी प्रवेश परीक्षेची तयारी : दिलेला नियम वाचणे आणि लावणे

प्रस्तावना

पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना किंवा पदवीनंतर नोकरी धरल्यावर कायद्याचे शिक्षण घ्यावे, असे अनेकांच्या मनात येते. पण प्रवेश परीक्षेचे नाव निघाले की दोन शंका पुढे येतात : ‘मला कायद्याचे काहीच येत नाही’ आणि ‘माझे शिक्षण मराठीतून झाले, इंग्रजी कसे जमणार?’ या पाठात दोन्ही शंकांचा विचार करायचा आहे.

चर्चा हवेत राहू नये म्हणून आपण एक ठिकाण आणि एक परिस्थिती धरून चालू. समजा, तुम्ही बंगळुरूच्या दक्षिण टोकाला, होसूर रस्त्यावरच्या बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीजवळ राहता. बेळगाव, निपाणी, सोलापूर किंवा लातूरकडून कामासाठी इथे आला आहात. आजूबाजूला कारखाने आहेत, मोठी रुग्णालये आहेत, दारात आता मेट्रो आली आहे. आठ तासांची पाळी आणि जाण्यायेण्याचा वेळ वजा जाता अभ्यासाला रोज दीड तास उरतो. एवढ्या वेळात काय करावे आणि काय सोडून द्यावे, हे ठरवणे म्हणजेच तयारी. तुम्ही पुण्यात, नागपुरात किंवा पणजीत असाल तरी हिशेब हाच आहे.

या पाठानंतर तुम्हाला पुढील गोष्टी जमाव्यात :
• आपल्यासाठी योग्य परीक्षा निवडणे.
• विधी तर्काचा प्रश्न टप्प्याटप्प्याने सोडवणे.
• एका बातमीतून परीक्षेला उपयोगी टिपण काढणे.
• नकारात्मक गुणांचा हिशेब मांडून उत्तर द्यायचे की सोडायचे हे ठरवणे.

१. कोणती परीक्षा तुमची?

सर्वांत आधी एक गोंधळ दूर करू. ‘क्लॅट’ ही २००८ पासून होणारी परीक्षा बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी आणि एलएलबीनंतरच्या एलएलएमसाठी आहे. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएलबीसाठी तुम्हाला दुसऱ्या परीक्षा पाहाव्या लागतात. पुस्तकांच्या दुकानात मिळणारे बरेचसे साहित्य पाच वर्षांच्या परीक्षेचे असते. ते घेण्याआधी मुखपृष्ठ नीट वाचा.

पदवीधरासाठी मुख्य वाटा अशा :

(अ) महाराष्ट्राची विधी सामाईक प्रवेश परीक्षा, तीन वर्षे. सध्याच्या आराखड्यात १२० प्रश्न, १२० गुण आणि दोन तास. विधी अभियोग्यता व विधी तर्क २४, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी ३२, तार्किक व विश्लेषणात्मक क्षमता २४, इंग्रजी ४०. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. इंग्रजी विभाग सोडला तर प्रश्न मराठीतूनही मिळतात.

(आ) बंगळुरूच्या नागरभावी येथील नॅशनल लॉ स्कूल ऑफ इंडिया युनिव्हर्सिटीची ‘एनएलसॅट’. या संस्थेत पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचे अध्यापन १९८८ मध्ये सुरू झाले. तीन वर्षांचा एलएलबी २०२२ पासून आहे. परीक्षा १५० मिनिटांची आणि १५० गुणांची. पहिल्या भागात ७५ गुणांचे बहुपर्यायी प्रश्न, दुसऱ्या भागात ७५ गुणांची लेखी उत्तरे. परीक्षा इंग्रजीतूनच होते. पहिल्या भागातील गुणांवरून निवडलेल्यांचीच लेखी उत्तरे तपासली जातात.

(इ) दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणी जायचे असेल तर ‘सीयूईटी-पीजी’. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्या उत्तराला १ गुण वजा.

आराखडा बदलू शकतो, म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या वर्षाची माहितीपुस्तिका पहिल्या ओळीपासून वाचा. तो वकिली वाचनाचा तुमचा पहिला सराव समजा.

पात्रतेबाबत बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांप्रमाणे पदवीला सर्वसाधारण गटासाठी किमान ४५ टक्के, इतर मागासवर्गासाठी ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुण लागतात. नोकरी करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आत्ताच ध्यानात घ्यावी : वकिलीच्या नोंदणीसाठी नियमित वर्गांतूनच पदवी घ्यावी लागते आणि ७० टक्के हजेरीचा नियम आहे. परीक्षा पाळी सांभाळून देता येईल. त्यानंतरची तीन वर्षे पाळी सांभाळून काढता येतील का, याचा विचार घरच्यांशी बोलून आधीच करा. प्रवेश मिळाल्यावर हा प्रश्न निघाला तर वर्ष वाया जाते.

२. परीक्षा नेमके काय तपासते?

प्रवेश परीक्षा तुम्हाला कायदा किती पाठ आहे हे फार थोडे विचारते. समोर ठेवलेला नियम तुम्ही जसाच्या तसा वाचता का आणि समोरच्या प्रसंगाला तो प्रामाणिकपणे लावता का, हे ती अधिक तपासते. बोम्मसंद्र्यासारख्या वसाहतीत शोभेल असे एक उदाहरण घेऊ. प्रसंग काल्पनिक आहे.

नियम : जे काम पद्धतशीरपणे, मालक आणि कामगार यांच्या सहकार्याने, लोकांच्या गरजा भागवणाऱ्या वस्तू किंवा सेवा पुरवण्यासाठी चालते, तो ‘उद्योग’ होय. नफ्याचा हेतू आहे की नाही, याने फरक पडत नाही.

प्रसंग : औद्योगिक वसाहतीत एक धर्मादाय संस्था रुग्णालय चालवते. रुग्णांकडून पैसे घेतले जात नाहीत. परिचारिका आणि इतर कर्मचारी मात्र पगारी आहेत. एका परिचारिकेला कामावरून काढले. ती म्हणते, हा औद्योगिक विवाद आहे. संस्था म्हणते, आम्ही उद्योगच नाही.

पर्याय :
(१) उद्योग नाही, कारण इथे सेवा होते, उत्पादन होत नाही.
(२) उद्योग नाही, कारण संस्था नफा कमावत नाही.
(३) उद्योग आहे, कारण नियमातील सर्व अटी पूर्ण होतात.
(४) उद्योग आहे, कारण रुग्णालय औद्योगिक वसाहतीत आहे.

आता एकेक पर्याय तपासू. पर्याय (१) आपल्या रोजच्या बोलण्याला पटतो. रुग्णालयाला कोणी ‘इंडस्ट्री’ म्हणत नाही. पण नियमात ‘वस्तू किंवा सेवा’ असे शब्द आहेत, म्हणून तो बाद. पर्याय (२) मनाला न्याय्य वाटतो, पण नफ्याचा मुद्दा नियमाने स्वतःच बाजूला काढला आहे. पर्याय (४) निष्कर्ष बरोबर सांगतो आणि कारण चुकीचे देतो. जागेबद्दल नियमात एक शब्दही नाही. घाई करणारा विद्यार्थी इथेच फसतो. उत्तर (३).

हा नियम कुठून आला? बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १९७८ मध्ये ‘उद्योग’ या शब्दाचा असा व्यापक अर्थ लावला. मुख्य निकाल न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांचा होता. पुढे औद्योगिक संबंध संहिता, २०२० आली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. या संहितेच्या व्याख्येत धर्मादाय, सामाजिक किंवा परोपकारी सेवा करणाऱ्या संस्था उद्योगातून वगळल्या आहेत.

आता वरचा प्रसंग तसाच ठेवा आणि नियमाच्या शेवटी एक वाक्य जोडा : ‘परंतु पूर्णतः धर्मादाय सेवा करणाऱ्या संघटनेने चालवलेली संस्था उद्योग समजली जाणार नाही.’ परिचारिका तीच, रुग्णालय तेच, उत्तर मात्र उलटे झाले. प्रश्नपत्रिकेत पहिला नियम दिला असेल तर पहिल्याप्रमाणे उत्तर द्यायचे, दुसरा दिला असेल तर दुसऱ्याप्रमाणे. ज्याला दोन्ही कायदे ठाऊक आहेत, त्यालाही हीच शिस्त पाळावी लागते. म्हणून ‘मला कायद्याचे काहीच येत नाही’ ही शंका या विभागापुरती तरी मनातून काढून टाका.

३. विधी तर्क सोडवण्याचे चार टप्पे

(१) नियमाचे तुकडे करा. अटी किती आहेत ते मोजा. ‘आणि’ असेल तर सर्व अटी हव्यात. ‘किंवा’ असेल तर एक पुरे.
(२) अपवाद शोधा. ‘परंतु’, ‘खेरीज’, ‘तोपर्यंत’ असे शब्द दिसले की खाली रेघ मारा.
(३) प्रसंगातील प्रत्येक गोष्ट एकेका अटीपुढे ठेवा. कोणत्याही अटीपुढे न बसणारी माहिती बहुतेक वेळा दिशाभूल करण्यासाठी असते. वरच्या उदाहरणातील ‘औद्योगिक वसाहत’ तशीच होती.
(४) आधी स्वतःचे उत्तर ठरवा, मगच पर्याय पाहा. निष्कर्ष आणि कारण दोन्ही जुळणारा पर्याय घ्या.

सरावाच्या पहिल्या महिन्यात हे चारही टप्पे वहीत लिहून काढा. एका प्रश्नाला दहा मिनिटे लागली तरी हरकत नाही. वेग नंतर येतो. सवय चुकीची लागली तर वेगाने चुका होतात.

महाराष्ट्राच्या परीक्षेत काही प्रश्न थेट माहितीचेही असतात : मूलभूत हक्क, राष्ट्रपती व राज्यपालांचे अधिकार, गाजलेले खटले. केशवानंद भारती (१९७३) आणि एस. आर. बोम्मई (१९९४) हे दोन खटले कारणांसह समजून घ्या. पहिल्यात संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा आहे, हे ठरले. दुसरा कर्नाटकातील सरकार १९८९ मध्ये बरखास्त झाल्यावरून उभा राहिला आणि राष्ट्रपती राजवट लावण्याचा निर्णय न्यायालय तपासू शकते, हे त्यात स्पष्ट झाले. खटल्याचे नाव, वर्ष, प्रश्न काय होता, उत्तर काय मिळाले : एवढ्या चार ओळी एका खटल्यासाठी पुरेत.

जुनी पुस्तके वापरताना जपा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. ५११ कलमांऐवजी आता ३५८ कलमे आहेत. खुनाची शिक्षा ३०२ ऐवजी १०३ मध्ये, फसवणूक ४२० ऐवजी ३१८ मध्ये गेली. फौजदारी प्रक्रिया आणि पुरावा हे दोन कायदेही त्याच दिवशी बदलले. वडीलधाऱ्यांकडून मिळालेल्या पुस्तकातले कलम पाठ करण्यापूर्वी छपाईचे वर्ष पाहा.

४. एका बातमीचे टिपण

चालू घडामोडींसाठी जाडजूड मासिके घेऊन पाठ करण्यापेक्षा निवडक बातम्या खोलवर वाचणे चांगले. प्रत्येक बातमीला चार प्रश्न विचारा : काय घडले? निर्णय कोणी घेतला? कोणत्या कायद्याने? कोणावर काय परिणाम झाला?

उदाहरण म्हणून बोम्मसंद्र्याचीच बातमी घ्या. १० ऑगस्ट २०२५ रोजी बंगळुरू मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचे उद्घाटन झाले. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा, सुमारे १९ किलोमीटर, १६ स्थानके. बहुतेक जण इथे थांबतात. आता पुढे जा. मेट्रो चालवणारी कंपनी केंद्र आणि राज्य सरकार यांच्या समान भागीदारीतील आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिचे कमाल भाडे ६० रुपयांवरून ९० रुपये झाले. भाडे कोण ठरवते? मेट्रो रेल्वेच्या २००२ च्या कायद्याप्रमाणे भाडे निश्चिती समिती ठरवते. तिचा अध्यक्ष उच्च न्यायालयाचा आजी किंवा माजी न्यायाधीश असतो आणि समितीची शिफारस मेट्रो प्रशासनावर बंधनकारक असते.

पाहा, एका बातमीतून भूगोल, केंद्र-राज्य संबंध, एक कायदा आणि एक समिती इतके हाती आले. आठवड्याला अशी पाच टिपणे केली तर बारा आठवड्यांत साठ होतात. स्वतः लिहिलेली साठ टिपणे दुसऱ्याच्या सहाशे ओळींपेक्षा जास्त लक्षात राहतात.

५. तार्किक क्षमता : न बोललेले गृहीतक

पुढील विधान वाचा : ‘बोम्मसंद्र्यापर्यंत मेट्रो आली, म्हणून होसूर रस्त्यावरची वाहनांची गर्दी कमी होईल.’

यात एक गोष्ट न सांगता धरून चालले आहे. मेट्रोने जाणारे लोक आजवर त्या रस्त्याने स्वतःच्या वाहनाने जात होते, हे ते गृहीतक. ‘मेट्रोचे बहुतेक प्रवासी पूर्वी बसने जात’ असे कळले तर युक्तिवाद कमजोर होतो. ‘अनेकांनी दुचाकी घरी ठेवून मेट्रोचा पास काढला’ असे कळले तर तो बळकट होतो. ‘मेट्रोचे डबे वातानुकूलित आहेत’ या माहितीने काहीच होत नाही. समीक्षात्मक तर्काचे पुष्कळसे प्रश्न या तिहेरी छाननीत बसतात : बळकट, कमजोर, असंबद्ध. रोज वर्तमानपत्रातील एका अग्रलेखावर हा प्रयोग करा.

६. मराठी माध्यम आणि इंग्रजी

महाराष्ट्राच्या परीक्षेत १२० पैकी ४० गुण इंग्रजीचे आहेत, म्हणजे एक तृतीयांश. विधी तर्काला २४, म्हणजे एक पंचमांश. तरीही बरेच विद्यार्थी बहुतेक वेळ कायद्याच्या पुस्तकावर घालवतात. इंग्रजीला भिऊन ते शेवटच्या आठवड्यासाठी ठेवणे महागात पडते.

कायद्याच्या इंग्रजीत अवघड शब्दांपेक्षा लहान शब्द जास्त घोटाळा करतात. ‘शॅल’ म्हणजे केलेच पाहिजे, ‘मे’ म्हणजे करता येईल. ‘अनलेस’ म्हणजे तसे झाले नाही तर. ‘प्रोव्हायडेड दॅट’ आले की पुढे अट किंवा अपवाद आहे. ‘नॉटविथस्टँडिंग’ म्हणजे दुसरीकडे काहीही म्हटले असले तरी. अशा तीस-चाळीस शब्दांची यादी करा आणि प्रत्येकाचे एक वाक्य लिहा.

मराठी ही तुमची अडचण नाही, ते तुमचे साधन आहे. संविधानाचे एक कलम आधी मराठीत वाचा, मग तेच इंग्रजीत. महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाचा ‘न्यायव्यवहार कोश’ जवळ ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर अनेक निकालांचे मराठी अनुवादही मिळतात. अर्थ मराठीत पक्का झाला की इंग्रजी वाक्य पाठ करावे लागत नाही, ओळखता येते.

एनएलसॅट देणाऱ्यांनी आठवड्याला एक इंग्रजी निबंध हाताने लिहावा. विषय असा घ्या : ‘रुग्णालयातील परिचारिकांना संपाचा हक्क असावा का?’ पहिल्या परिच्छेदात तुमची भूमिका, दुसऱ्यात कारण, तिसऱ्यात विरुद्ध बाजूचा सर्वांत जोरदार मुद्दा, चौथ्यात त्याला उत्तर. साधी, लहान वाक्ये चालतात. विरुद्ध बाजू न मांडलेला निबंध मात्र एकांगी ठरतो.

७. अंदाज करावा की सोडावे?

महाराष्ट्राच्या परीक्षेत गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा ठेवू नका. शेवटची तीन मिनिटे राहिलेल्या प्रश्नांना उत्तरे भरण्यासाठीच राखून ठेवा.

जिथे चुकीला पाव गुण जातो तिथे हिशेब असा. चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील, तर चार प्रश्नांत सरासरी एक बरोबर आणि तीन चूक. मिळाला १ गुण, गेले ०.७५. हाती ०.२५, म्हणजे प्रश्नामागे जवळजवळ शून्य. त्यावर वेळ घालवू नका. दोन पर्याय खात्रीने बाद करता आले, तर चार प्रश्नांत सरासरी दोन बरोबर आणि दोन चूक. मिळाले २, गेला ०.५, हाती १.५. इथे उत्तर द्यावेच. सीयूईटीच्या ४ आणि १ या गुणांनाही हेच प्रमाण लागू पडते.

वेळेचा नियम : १२० प्रश्न, १२० मिनिटे. पहिल्या फेरीत ओळखीचे प्रश्न सोडवत पुढे जा. दीड मिनिटात उकल दिसली नाही तर खूण करून सोडा. दुसऱ्या फेरीत खुणा केलेले प्रश्न घ्या.

८. बारा आठवड्यांचा आराखडा

आठवडे १ ते ४ : रोज ३० मिनिटे इंग्रजी उतारा, ३० मिनिटे विधी तर्क लिहून, ३० मिनिटे संविधान. बातम्यांची टिपणे प्रवासात.
आठवडे ५ ते ८ : रोज घड्याळ लावून एका विभागाचा सराव. रविवारी एक पूर्ण जुनी प्रश्नपत्रिका.
आठवडे ९ ते ११ : आठवड्याला दोन पूर्ण प्रश्नपत्रिका. तपासणीला सोडवण्याइतकाच वेळ.
आठवडा १२ : नवे काही नाही. टिपणे आणि चुकांची वही.

चुकांची वही म्हणजे काय? प्रत्येक चुकीपुढे तीनपैकी एक अक्षर लिहा. ‘म’ म्हणजे माहितीच नव्हती. ‘व’ म्हणजे नीट वाचले नाही. ‘ल’ म्हणजे वाचले, पण नियम लावताना घसरलो. ‘म’ जास्त असतील तर टिपणे वाढवा. ‘व’ जास्त असतील तर नवे पुस्तक घेऊन उपयोग नाही, वेग कमी करा. ‘ल’ जास्त असतील तर भाग ३ मधील चार टप्पे पुन्हा लिहून काढायला लागा. शिकवणीवर पैसे खर्च करायचे की नाही, हेही ही वहीच सांगेल : बहुतेक चुका ‘व’ असतील तर तो इलाज कोणत्याही वर्गात विकत मिळत नाही.

सारांश

परीक्षा निवडताना माहितीपुस्तिका वाचा. विधी तर्कात दिलेला नियमच प्रमाण माना. बातमीमागचा कायदा शोधा. इंग्रजीला पहिल्या दिवसापासून वेळ द्या. नकारात्मक गुणांचा हिशेब आधीच करून ठेवा. आणि प्रत्येक चुकीचे कारण लिहा.

स्वाध्याय

१. २०२० मध्ये नॅशनल लॉ स्कूलने पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी क्लॅटऐवजी स्वतःची वेगळी परीक्षा घेतली. २१ सप्टेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून क्लॅटनेच प्रवेश द्यायला सांगितले. नियम असा धरा : ‘संघाच्या सदस्य विद्यापीठाने संघाच्या परीक्षेत समाविष्ट असलेल्या अभ्यासक्रमाला त्याच परीक्षेने प्रवेश द्यावा.’ या नियमाने तीन वर्षांच्या एलएलबीची वेगळी परीक्षा रद्द होईल का? कारण दोन वाक्यांत लिहा. (सूचना : ‘समाविष्ट असलेल्या’ या शब्दांकडे पाहा.)

२. भाग २ मधील प्रसंगात सर्व परिचारिका विनावेतन स्वयंसेविका आहेत असे समजा. पहिल्या नियमातील कोणती अट आता अडचणीत येते?

३. तुमच्या गावातील किंवा शहरातील या आठवड्याची एक बातमी घेऊन चार प्रश्नांचे टिपण तयार करा.